उचंत खात्यावरील दुखणे

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा धान्याच्या आवक-जावकीविषयी किंवा बाजार समितीच्या कारभाराविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांवर अधिकारवाणीने लिहिणारे बंधू आपल्या संस्थेत पुष्कळ आहेत. मला मात्र गेल्या काही वर्षांत एका निराळ्याच खात्याचा अनुभव आला. वखारीत उभे राहून धंदा करणाऱ्या बंधूंच्या तो उपयोगी पडेल असे वाटल्यावरून, संकोच बाजूस सारून, येथे मांडीत आहे. संकोच अशासाठी की, विषय माझ्या स्वतःच्या प्रकृतीचा आहे. आणि आपली प्रकृती चारचौघांत उघडी करणे व्यापाऱ्याच्या अंगवळणी पडलेले नसते.

ज्यांनी पेढीवर जमाखर्च लिहिला आहे, त्यांना उचंत खाते म्हणजे काय हे सांगावयास नको. एखादी रक्कम येते. ती कोणाकडून आणि कशापोटी आली, हे त्या दिवशी उमगत नाही. अशा वेळी जाणता दिवाणजी ती अंदाजाने कोणाच्या तरी नावावर जमा करीत नाही, आणि लिहिल्यावाचूनही ठेवीत नाही. तो ती उचंत खात्यात घेतो, आणि छडा लागेपर्यंत तिच्यावर नजर ठेवतो. ज्या दुखण्याचे नाव सापडत नाही, त्याचेही असेच करावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. हे साधे तत्त्व समजण्यास मला तीन वर्षे लागली; आणि त्या तीन वर्षांची किंमत एकट्या मलाच द्यावी लागली असे नाही, ही खंत मनात आहे.

दुखण्याचा आरंभ

ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव, कोल्हापूर व सांगली या भागांत जो महापूर आला, तो आपणांपैकी कोणीच विसरला नसेल. आमच्या वखारीत पुराचे पाणी शिरले नाही. परंतु छपराची गळती आणि आठवडेच्या आठवडे टिकलेली ओल यांमुळे भिंतीलगतच्या थप्प्यांतील पोती आतून तापली. ज्वारीस कुबट वास येऊ लागला. माल टाकून देणे जिवावर आले. पाऊस उघडल्यावर पोती फोडावयाची, माल उन्हात घालावयाचा, चाळावयाचा आणि बरा निराळा काढावयाचा, असे काम दिवाळीपर्यंत चालले. मी रोज दुपारी त्या धुळीत उभा असे.

त्याच दिवाळीच्या सुमारास सायंकाळी अंग मोडून येऊ लागले. दिवेलागणीस थंडी वाजे, ताप चढे, कोरडा खोकला सुरू होई आणि कोणी छातीवर पोते ठेवले आहे असे वाटे. सकाळी पाहावे तो ताप उतरलेला. चार-सहा दिवस बरे जात, की पुन्हा तेच. पुढे पुढे जिना चढताना दम लागू लागला, अन्नावरची वासना उडाली आणि अंगरखे ढिले होऊ लागले.

औषधोपचारांत मी कसूर केली नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी खोकल्याचे औषध दिले. दुसऱ्यांनी रात्री पित्त वर येत असावे असे सांगितले. छातीचे चित्र काढले, त्यात विशेष काही आढळले नाही. थुंकी तपासली, क्षयाचे जंतू मिळाले नाहीत. इतक्यात मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी आली. धान्याचा व्यापार अत्यावश्यक म्हणून चालू होता. पण मी खोकलो की गिऱ्हाईक दोन हात मागे सरे. तीन वेळा तपासणी करविली, तिन्ही वेळा निर्दोष ठरलो. शेवटी एका डॉक्टरांनी, "आपण काळजी फार करता," असे सांगून झोपेची गोळी लिहून दिली.

मी यांपैकी कोणासही दोष देत नाही. प्रत्येकाने माझ्या दुखण्याला त्याच्या समोर आलेल्या पुराव्यावरून एकेक खाते दिले. पुरावाच मी अर्धा दिला होता. मी सांगे ते सायंकाळचे. दुपारचे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. सूर्यास्तानंतर मी काही घेत नाही. त्यामुळे रात्रीची गोळी कधी पोटात गेलीच नाही, हेही मी भिडेपोटी बोललो नव्हतो.

लपविण्याचा व्यवहार

दुखणे लपविण्यास व्यापाऱ्याकडे कारणे तयार असतात. धनी आजारी आहे असे बाजारात कळले, की देणेकरी सावकाश होतात आणि घेणेकरी घाई करू लागतात. आमच्या घरी तर आणखी एक कारण होते. धाकट्या कन्येच्या विवाहाची बोलणी चालू होती. "वडिलांना छातीचा काही विकार आहे म्हणे," एवढे एक वाक्य कोणी उच्चारले असते तरी पुरे होते. पाहुणे बसलेले असताना खोकला येऊ नये म्हणून मी दाढेखाली ज्येष्ठमधाची काडी धरून दोन-दोन तास बसलो आहे. कन्येचे लग्न चांगले झाले. पण त्या दिवसांतील तिची माझ्याकडे वळणारी भेदरलेली नजर अजून आठवते. आपल्या बापाचे काहीतरी बिघडले आहे आणि ते आपल्यापायी लपविले जात आहे, हे त्या मुलीस समजत होते.

एके रात्री ताप चढला असता कुटुंब उशाशी बसले होते. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला काय होते ते तुम्ही घरात सांगत नाही, बाजारात सांगत नाही, डॉक्टरांनाही पुरते सांगत नाही. मग त्याला नाव तरी कोणी द्यावे?" या प्रश्नास माझ्याकडे उत्तर नव्हते. दशलक्षण धर्मात आर्जव म्हणजे सरळपणा हा एक धर्म आहे. तो मी देण्याघेण्यात जन्मभर पाळला असेन, पण स्वतःच्या देहाच्या बाबतीत पाळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलगा व सून यांना बसवून सर्व हकीकत सांगितली. कामाची वाटणी करण्याचे ठरले. बाहेरगावची वसुली आणि सकाळचे सौदे मुलाने घ्यावे, मी हिशेब आणि वखार पाहावी. प्रवासाची दगदग मोठी आणि वखारीचे काम हलके, असा विचार करून मीच ही वाटणी केली. या वाटणीतील चूक पुढे उघडकीस आली.

मुलावर भार पडला, हे सांगितले पाहिजे. तो रात्री उशिरा घरी येई. त्याची मुले झोपलेली असत. वसुलीत मी ज्यांना चार दिवस देत असे, त्यांना तो दोन दिवस देई, आणि त्यावरून आमचे खटकेही उडाले. पण मला काय होते हे माहीत असल्यामुळे ते खटके त्याच दिवशी मिटत. न सांगता भार टाकला असता, तर ते मिटले नसते असे वाटते.

पाडव्याची लहान वही

२०२१ सालच्या दिवाळीत, वीर निर्वाण संवत २५४८ च्या पाडव्यास, पेढीच्या नव्या वह्यांबरोबर मी एक लहान वही घातली. तीत चार रकाने पाडले: त्या दिवशी कोठे होतो, काय काम केले, काय खाल्ले आणि प्रकृतीस काय झाले. ताप असेल त्या दिवशी सूनबाई लिही. बारा महिने एकही दिवस चुकविला नाही.

२०२२ च्या भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस मी नेमाने मंदिरातच काढले. पेढी मुलाकडे होती. त्या दहा दिवसांत ताप नाही, खोकला नाही. प्रदक्षिणा घालताना दम लागला नाही. मला वाटले, हे उपवासाचे फळ. चतुर्दशी झाली, क्षमावणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी वखारीत गेलो. त्या संध्याकाळी असा हुडहुडीचा ताप भरला की दोन गोधड्या पुरल्या नाहीत.

सूनबाईने वही चाळून पाहिली आणि म्हणाली, "मामंजी, उपवास तर तुम्ही वर्षभर अष्टमी-चतुर्दशीसही केलेत. त्यांतील कित्येक दिवशी ताप आल्याची नोंद आहे. मग या दहा दिवसांत निराळे काय होते?" आम्ही दोघांनी पहिल्या रकान्यावर बोट फिरविले. जेथे 'वखार' हा शब्द दुपारी होता, तेथे बहुतेक ठिकाणी शेवटच्या रकान्यात सायंकाळी ताप होता. जेथे वखार नव्हती, तेथे तो क्वचितच होता. तीन वर्षे मी दोष देत आलो रात्रीच्या गारव्याला आणि अंथरुणाला. कारण घडे दुपारी, परिणाम दिसे दिवेलागणीस. मध्ये पाच-सहा तासांचे अंतर असल्यामुळे दोहोंची सांगड कोणी घातली नाही.

ती वही घेऊन आम्ही छातीच्या विकारांच्या एका वयोवृद्ध डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वही पाहण्याआधीच विचारले, "धंदा कोणता?" पुढे छातीचे सूक्ष्म सी. टी. चित्रण, फुंकण्याची चाचणी आणि रक्ततपासणी झाली. दुखण्यास नाव मिळाले: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस.

जुन्या जगाचा जुना रोग

नाव मला नवे होते. रोग नवा नाही. इटलीतील मोडेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली निरनिराळ्या धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. धान्य चाळणाऱ्या आणि मापणाऱ्या लोकांवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. रोग्यास विचारावयाच्या जुन्या प्रश्नांत वैद्याने "तुझा धंदा कोणता?" या प्रश्नाची भर घालावी, असेही त्यांनी सांगून ठेवले. मला तो प्रश्न तीन वर्षांनी विचारला गेला. पण तो न विचारता सांगण्यास माझी तरी काय हरकत होती?

१९३२ साली इंग्लंडमध्ये कॅम्बेल नावाच्या डॉक्टरांनी बुरशी चढलेले वाळके गवत हाताळणाऱ्या शेतमजुरांत असाच विकार नोंदविला. त्याचे मूळ ओल्या गवतात उष्णतेने वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत आहे, हे १९६३ साली पेपीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. म्हणजे रोगाची नोंद आणि कारणाचा शोध यांत एकतीस वर्षे गेली. त्या काळात दम लागणारा मजूर काही खोटे बोलत नव्हता. नाव सापडले नाही म्हणून दुखणे नाही असे होत नाही, हे घरातल्या मंडळींनी आणि रोग्याने स्वतःही ध्यानात ठेवावे.

या रोगाची रीत डॉक्टरांनी मला अशी समजाविली. धान्यातील ओलावा साधारण १२ ते १४ टक्क्यांच्या पलीकडे गेला, की साठवणीत बुरशी व इतर सूक्ष्मजीव वाढतात आणि धान्य तापते. पुढे पोते हलविले की त्यांचे अतिसूक्ष्म कण धुळीबरोबर उडतात व फुप्फुसातील अगदी शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. सर्वांनाच त्याची बाधा होत नाही. काहींचे शरीर मात्र त्या कणांस शत्रू मानून लढू लागते, आणि त्या लढाईत फुप्फुसासच सूज येते. सुमारे चार ते आठ तासांनी ताप, थंडी व खोकला उद्भवतो. धूळ वेळीच सुटली तर पुष्कळसे भरून येते. वर्षानुवर्षे सुटली नाही तर फुप्फुसात वण पडून ते ताठर होते, आणि ते वण पुन्हा जात नाहीत. उपचारात काही काळ औषधे असतात. परंतु मुख्य उपचार धुळीपासून दूर राहणे हाच होय.

हा विकार विरळाही नाही. भारतातील १९ शहरांतील २७ केंद्रांनी मिळून केलेली, फुप्फुसाच्या अंतर्भागातील अशा जातीच्या रोगांची एक नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीतील १,०८४ रोग्यांपैकी ४७ टक्क्यांना हाच रोग होता. त्यांत हवा गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरची बुरशी आणि पक्ष्यांचा सहवास ही कारणे आढळली. कबुतरांची विष्ठा व पिसे यांपासूनही हा विकार होतो. आपल्या समाजात पाखरांस दाणे घालण्याची परंपरा आहे आणि ती मला प्रिय आहे. पण वखारीच्या आढ्यावर कबुतरांचा मुक्काम नसावा, दाणे मोकळ्या जागी, वस्तीपासून दूर घालावे, असे आता वाटते.

ज्याची नोंद राहून गेली

निदान सांगून झाल्यावर डॉक्टरांनी सहज विचारले, "वखारीत आणखी कोणास असा खोकला आहे काय?" मी 'नाही' म्हणणार होतो, इतक्यात आमच्या एका जुन्या हमालाची आठवण झाली. वीसहून अधिक वर्षे त्याने आमच्या थप्प्या लावल्या होत्या. पुरानंतरची पोती फोडण्याच्या कामात तो माझ्याहून कितीतरी अधिक तास त्या धुळीत होता. तो खोकत असे. २०२१ च्या आरंभी दम लागतो म्हणून त्याने काम सोडले. मी त्याला काही पैसे दिले, बिडी सोडण्याचा उपदेश केला आणि त्याचे खाते मिटले असे समजलो.

मी मुलाला घेऊन त्याच्या गावी गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता. माझ्या दुखण्याची हकीकत मी सांगितली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सावकार, धूळ सोसत न्हाई म्हणून मी सांगितलं हुतं की. तुमी म्हणला, बिडी सोड." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. दोनच महिन्यांपूर्वी क्षमावणीच्या निमित्ताने मी बाजारातील सर्व पेढ्यांस छापील पत्रे धाडली होती. त्याच्या नावाचे पत्र त्यांत नव्हते.

त्याला त्याच डॉक्टरांकडे नेले. त्याच्या फुप्फुसात वण पडलेले होते. औषधाने रोग पुढे वाढू नये एवढीच आशा आहे, असे सांगण्यात आले. त्याचा औषधाचा खर्च आता पेढी उचलते. हे मी दान म्हणून लिहीत नाही. ते आमच्या पेढीचे देणे होते आणि ते लिहिण्यास उशीर झाला होता. वखारीच्या दारात मी दिवसाला दोन तास उभा राहिलो आणि आजारी पडलो, तेव्हा घरातील चार माणसे माझ्या उशाशी होती. तो आठ तास आत होता.

आपण पाणी गाळून पितो. न दिसणाऱ्या जीवास आपल्याकडून इजा होऊ नये, म्हणून आपल्या पूर्वजांनी ही शिस्त घालून दिली. परंतु वखारीतील माणूस श्वास कसला घेतो, हे आपण पाहत नाही. अहिंसेचा विचार करताना हा हिशेब मजकडून राहून गेला, असे कबूल केले पाहिजे.

आता आमच्या वखारीत पोते फोडणे व चाळणे आत होत नाही. मोकळ्या पटांगणात, वाऱ्याची दिशा पाहून होते. थप्पी भिंतीपासून दूर आणि लाकडी फळ्यांवर लागते. येणारा माल ओलावा मोजण्याच्या यंत्रावर पाहिल्याशिवाय आत घेतला जात नाही. हवा बाहेर फेकणारे दोन पंखे बसविले, झरोक्यांना जाळी लावली. तोंडावर बांधलेला रुमाल या सूक्ष्म धुळीस पुरत नाही. म्हणून हमालांस एन-९५ जातीच्या मुखपट्ट्या दिल्या आहेत. उन्हाळ्यात त्या घालून ओझे वाहणे अवघड जाते, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. तेव्हा मध्ये विश्रांती दिली जाते. काम थोडे उशिरा उरकते.

दोन शब्द सल्ल्याचे

जे बंधू अशाच एखाद्या अनामिक दुखण्याने त्रस्त असतील, त्यांना माझी विनंती अशी. दुखण्याची रोजकीर्द ठेवा आणि ती डॉक्टरांपुढे ठेवा. स्वतःच निदान करण्याचा मोह मात्र धरू नका. वही पुरावा देते, निवाडा देत नाही. आपला धंदा, त्यातील धूळ, धूर, वास, आपले नेम, उपवास, सर्व न विचारता सांगा. औषधाची वेळ आपल्या व्रतात बसत नसेल तर तसे बोला. माझ्या डॉक्टरांनी सर्व गोळ्या सूर्यास्तापूर्वी बसवून दिल्या. थुंकीत रक्त दिसणे, बसल्या जागी दम लागणे, वजन झपाट्याने उतरणे, यांपैकी काही झाले तर वही लिहीत थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

घरात हे लपवू नका. कामाची वाटणी करा. आणि वाटणी केल्यावर ती बरोबर आहे किंवा कसे, हे महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पाहा. मी 'हलके काम' म्हणून नेमके घातक काम स्वतःकडे ठेवले होते.

घरातील स्त्रियांची दुखणी तर उचंत खात्यातही चढत नाहीत. माझी वही पाहून सौभाग्यवतीने एक दिवस आपलेही पान उघडले. पायांस मुंग्या येणे, थकवा, विसराळूपणा, हे तिला कित्येक वर्षे होते. वय झाले म्हणून ती गप्प होती. तपासणीत रक्तात बी-बारा हे जीवनसत्त्व फारच कमी आढळले. ते वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. शाकाहारी माणसास ते दूधदुभत्यातून मिळते. तिच्या ताटात दूध-ताक उरे तेवढेच येई, हे आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. औषधाने तिचा थकवा गेला. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या.

माझ्या स्वतःच्या खात्याविषयी सांगावयाचे तर, ताप गेला, खोकला पुष्कळ कमी झाला. जिना चढताना अजून मध्ये एकदा थांबतो. तेवढी तूट राहणार असे दिसते. डाव्या कुशीत अधूनमधून उठणारी कळ मात्र कशाची, हे अद्याप कळलेले नाही. तपासण्या झाल्या, डॉक्टर नजर ठेवून आहेत. ती अजून उचंत खात्यात आहे आणि तिची नोंद रोज होते.

सर्व बंधुभगिनींस, आणि त्यांच्या वखारीत राबणाऱ्या प्रत्येकास, निरामय आयुष्य लाभो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.